बगळ्यांची सलामी

७ ऑगस्ट, गुरुवार

रविवारच्या भाषणाची टिपणं काढली. विषय: वेडी बाभूळ. मुद्दे भरपूर, वेळ चाळीस मिनिटं. सुरुवात ओढ्यापासून करावी की थेट झाडापासून? झाडापासून. ओढा सगळ्यांना माहीत आहे, नाक धरून रोज ओलांडतात.

संध्याकाळी गयाबाई फाटकाशी. कॉलनीमागे ओढ्याकाठी शेळ्या चारते ती. म्हणाली, बाभळी तोडायच्या तर तोडा, पण महिनाभर थांबा, वर बगळ्यांची पिल्लं आहेत. बगळ्यांचं निमित्त. खरी गोष्ट शेळ्यांची, त्या शेंगांवर जगतात. हे कळायला फार अक्कल लागत नाही. गोड बोलून परत पाठवली. गॅसवर दूध होतं.

पण एक मिळालं. भाषणात विनोदाची जागा रिकामी होती, ती भरली.

१० ऑगस्ट, रविवार

मंगल कार्यालय भरलं, मागे लोक उभे. आवाज लागला. पहिल्या पाच मिनिटांतच कळतं, आज सभा आपली आहे.

बाभळीवर: "पाहुणी म्हणून आली आणि घरमालकीण होऊन बसली. कडुनिंबाला तिनं हाकललं, करंजाला हाकललं, आता शहराचा ओढा गिळून बसलीय." टाळ्या. मग ती जागा आली. "उद्या कोणी येऊन म्हणेल, ताई, तोडू नका, वर बगळ्यांची पिल्लं आहेत. अहो, पिल्लं बगळ्यांची, पण काळजी शेळ्यांची!" हशा असा की मला थांबावं लागलं. पाण्याचा घोट घेतला तोवर हसतच होते.

शेवटी सगळ्यांना उजवा हात वर करायला लावून शपथ. आणि तारीख व्यासपीठावरूनच जाहीर केली: पंधरा ऑगस्ट, झेंडावंदनानंतर. समितीशी बोलणं झालं नव्हतं, पण अशा गोष्टी विचारून होत नाहीत. भाऊसाहेब, आमच्या काठ-सफाई समितीचे अध्यक्ष, निवृत्त अभियंता, पहिल्या रांगेत डोळे मोठे करून बसले होते. नंतर म्हणाले, "मॅडम, मंग जल्दी जेसीबी बघावं लागंल की."

स्कूटरवर राजेंद्रच्या मागे बसून परतले. एवढी वर्षं नवरा म्हणून माझी भाषणं ऐकतोय तो. मग म्हणाला, "ती दारात उभी होती. ऐकायला आली होती."

म्हटलं, मी नाव कुठे घेतलं?

"कॉलनीत शेळ्या किती जणींकडे आहेत?"

कुरकुरायची सवयच आहे त्याला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

पाय दुखतायत, घसा बसलाय, तरी लिहिते.

झेंडावंदन, लगेच मिरवणुकीनं ओढ्यावर. कोयते, कुऱ्हाडी, बायकांच्या हातात विळे. जेसीबीला हार घातला, नारळ फोडला. मशीननं पहिली बाभूळ ढकलली आणि वरून पांढरे बगळे एकदम उठले. एवढे पक्षी त्या काट्यांत होते हे कोणाला माहीत नव्हतं. आभाळ पांढरं झालं. आमच्यावर, झेंड्यावर घिरट्या.

माईक माझ्या हातात होता. म्हटलं, "बघा, आज पाखरंसुद्धा तिरंग्याला सलामी देतायत." सगळ्यांचे मोबाईल वर. टाळ्या थांबेनात.

दुपारपर्यंत अलीकडचा काठ मोकळा. ओढा पहिल्यांदा सरळ दिसला. बगळे तेव्हाही वर फिरत होते.

रा. आला नाही. गुडघा म्हणे.

१६ ऑगस्ट, शनिवार

सकाळी काठाचा फोटो काढावा म्हणून एकटीच गेले.

तोडलेल्या फांद्यांचे ढीग. ढिगातून आवाज येत होता, कोरड्या लाकडावर करवत ओढावी तसा. आधी वाटलं बेडूक. मग एक मान दिसली. मग दुसरीकडे. अर्धी पिसं, अर्धी लव, पिवळी चोच, पाय अंगापेक्षा मोठे. काही निपचित, त्यांना मुंग्या. कावळे निवांत होते, त्यांना घाई नव्हती. एक कुत्रं तोंडात काहीतरी धरून पुलाखाली गेलं.

गयाबाई काट्यात गुडघे टेकून बसलेली. शेजारी कोंबड्या झाकायचं डालं, त्यात ती एकेक ठेवत होती. हातांना ओरखडे. माझ्याकडे पाहिलं नाही.

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, ही कधी पडली?

"तुम्ही भाषण करून राह्यल्या व्हत्या तवा."

मीही एक उचललं. हातात आल्यावर त्यानं पोटातलं सगळं माझ्या तळव्यावर ओकलं. नाकतोडे, अर्धे पचलेले. मी दचकून सोडून दिलं. म्हणजे पुन्हा पडलं ते. दोनदा पाडलं मी त्याला. ती आली आणि उचलून घेऊन गेली.

मोठे बगळे चारा घेऊन येत होते. झाड होतं तिथपर्यंत येत, हवेत पंख मारत थांबत, पुन्हा वळत. जेसीबीच्या चाकांच्या चरीत जाऊन बसत. म्हणजे काल त्या

सलामी.

घरी येऊन हीच वही उघडली. ७ तारीख. 'बगळ्यांचं निमित्त.' वळणदार अक्षर, माझंच. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मी ठेवलेली नाही. ऐकलं, लिहिलं, वर विनोद केला.

मग कपाट. पक्ष्यांवरची तीन पुस्तकं. एकात गायबगळ्यांच्या विणीचे महिने दिले आहेत, पावसाळ्याचे. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे. ती रेघही माझीच.

जेवले नाही. रा.नं विचारलं नाही. त्यानं समितीनं पाठवलेला कालच्या सलामीचा छापील फोटो घडी घालून टेबलाखाली ठेवून दिला.

१७ ऑगस्ट, रविवार

भाऊसाहेब पेढे घेऊन. खुशीत. लोक म्हणतायत शहर मोकळं झालं. पुढच्या रविवारी, चोवीसला, परला काठ. त्याच दिवशी तिथेच माझा सत्कार.

परला काठ. तिकडच्या बाभळी जास्त दाट. अलीकडचे उठलेले बगळे तिकडेच जाऊन बसलेत, आणि त्यांची स्वतःची घरटी आहेतच.

ही सांगायची वेळ होती. समोर माणूस, हातात पेढा. मी काय म्हटलं? म्हटलं, भाऊसाहेब, तिकडे चिखल फार आहे, मशीन फसेल.

ते म्हणाले, मुरूम टाकून घेऊ, बिलकुल काळजी करू नका. मग खालच्या आवाजात: गेल्या वर्षी त्यांच्या नातीला डेंगू झाला होता, चार दिवस दवाखान्यात. तो ओढा मोकळा झाल्याशिवाय त्यांना झोप नाही. माणूस खोटा नाही. खोटं मी बोलले, चिखलाचं.

पेढा खाल्ला.

१८ ऑगस्ट, सोमवार

गयाबाईकडे गेले. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा गोठा, बाजूला शेळ्या. एवढी वर्षं मी कॉलनीत राहते, हे घर आतून पाहिलं नव्हतं. तिचे आईवडील केदारखेड्याकडे मेंढरं राखायचे, हे आज कळलं. ती माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. मी तिला 'अगं' म्हणत आले, ती मला 'मॅडम'. आज 'तुम्ही' म्हटलं तर म्हणाली, "हे काय नवीन?"

डाल्यात अकरा होती. काल आणखी होती, बाकीची गेली. मुरमुरे खात नाहीत, भाकर खात नाहीत. शेळ्या चारताना ती नाकतोडे धरून पदरात बांधून आणते. मासळी बाजारातून टाकाऊ बारीक मासे आणते. बोटानं चोच उघडून भरवते, ती बोटं धरून ओढतात. अजिबात माया लावत नाही त्यांना, टपली मारते, शिव्या घालते, "गीळ की मुडद्या." तरी डालं स्वच्छ.

मी बोलायला सुरुवात केली. वाक्य तयार होतं, चालता चालता रचलं होतं. तिनं मध्येच अडवलं.

"मॅडम, तुम्ही तर म्हणल्या व्हत्या बगळ्यांनी झेंड्याला सलामी देली. मी बी ऐकलं. पुलावर उभी व्हते." पिल्लाच्या चोचीत मासा कोंबत म्हणाली, "त्याहिचे लेकरं खाली पडून राह्यले व्हते. वरून वरडू राह्यले ते. सलामी न्हाई ती."

रचलेलं वाक्य गिळलं. माझ्यासारखीला असं कधी होत नाही.

निघताना विचारलं, मी काय करू?

"नाकतोडे धरा," म्हणाली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कॉलेजातले माझे तास संपल्यावर कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर नाकतोडे धरले. ओढणी टाकून धरायचे असं तिनं सांगितलं होतं. तासाभरात सात. शेजारच्या जोशीबाई गॅलरीतून: "मॅडम, कानातलं हरवलं का?" हो म्हटलं. आणखी एक खोटं. त्या खाली आल्या, बिचाऱ्या माझ्याबरोबर कानातलं शोधत राहिल्या, आणि ओढणीत नाकतोडे उड्या मारत होते.

सातातले दोन गयाबाईनं परत दिले. "हे हिरवे कडू ऱ्हातेत, खात न्हाईत." घरी आणून सोडून दिले.

दोन पिल्लं मेली. नऊ.

२० ऑगस्ट, बुधवार

माफीचं निवेदन लिहिलं. दीड पान. रा.ला वाचून दाखवलं. तो बियाण्यांच्या दुकानातून नुकताच आला होता, पायांना धूळ, चहा हातात. पूर्ण ऐकलं.

"चांगलंय. यात तू फार मोठी दिसतेस."

कपबशी ठेवून आत गेला. कागद फाडला. मग जोडून पुन्हा वाचला. खरंय. 'मी माझ्या अंतरात्म्याच्या न्यायालयात उभी आहे.' कोणी लिहितं का असं? मी लिहिते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

भाऊसाहेबांकडे गेले. या वेळी चिखल नाही. सांगितलं की परल्या काठावर विणीचा हंगाम चालू आहे, 'पक्षी अभ्यासकांचं मत' असं आहे की थांबावं.

पक्षी अभ्यासक. तोंडातून तसं निघालं. गयाबाईचं नाव घेतलं असतं तर त्यांना दहा तारखेचा हशा आठवला असता, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. तेवढं पाहणं टाळायला मी अभ्यासक जन्माला घातले.

ते म्हणाले, "मॅडम, पब्लिकला सांगून बसलो. मशीन ठरलंय. आता मागं फिरणं बराबर दिसत न्हाई. तुम्हीच तारीख देली, तुम्हीच उभं राहून सांगा. लोक हो म्हणले तर मशीन माघारी."

रास्त आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. गयाबाईकडे बैल नाहीत, तिनं शेळ्यांची शिंगं गेरूनं रंगवली. आठ पिल्लं. एक डाल्याबाहेर येऊन रंगवलेल्या शिंगाला चोच मारत होतं.

रविवारी या म्हटलं. म्हणाली, शेळ्या तिकडंच असत्यात, यायचं काय त्यात.

२४ ऑगस्ट, रविवार

मशीन गेलं. परला काठ वाचला, निदान तूर्त. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिल्यावर ते बारीक वाटेल.

काठावर मांडव, खुर्च्या. शाल, नारळ. शाल खांद्यावर घेऊनच बोलायला उभी राहिले. कागद नव्हता. बोलले. पंधरा तारखेला जे उडालं ती सलामी नव्हती, ते आईबाप होते. मी पुस्तकं वाचली आणि झाड वाचलं नाही. माझ्या तळहातावर एका पिल्लानं ओकलेले नाकतोडे. तिथे आवाज अडकला, खराच अडकला. पुढच्या रांगेत बायका डोळे पुसत होत्या. म्हटलं, ही शाल मी घेऊ शकत नाही, आणि उतरवून खुर्चीवर ठेवली. टाळ्या. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण झालं.

हेच ते.

लोकांनी हात वर करून थांबायचं ठरवलं. भाऊसाहेबांनी ड्रायव्हरला हात केला. दसऱ्यापर्यंत काही नाही. पुढचं सात सप्टेंबरच्या बैठकीत.

सगळे भेटायला आले. गर्दी हटल्यावर परल्या बाजूला गयाबाई दिसली, शेळ्यांमागे. पुलावरून गेले. मला वाटत होतं की ती काहीतरी म्हणेल. म्हणजे चांगलं म्हणेल. अजून तेवढी हाव शिल्लक होती.

"लई चांगलं बोलल्या," म्हणाली. शेळीच्या पायातला काटा काढत होती. बराच वेळ लावला तिनं त्याला. मग: "पण मला हसले ते हसलेच ना, मॅडम."

भाषणात मी तिला 'एक साधी धनगर बाई' म्हटलं होतं. नाव नाही. आणि 'काळजी शेळ्यांची' हे माझं वाक्य होतं, ते परत घेतलंच नव्हतं. चूक कबूल केली ती बगळ्यांजवळ. बगळ्यांना मराठी कळत नाही, तिला कळतं.

दहा तारखेपासून कॉलनीतली पोरं तिला बघून 'पिल्लं बगळ्यांची' म्हणून ओरडतात. हे तिनं सांगितलं नाही. जोशीबाईंनी सांगितलं, हसत हसत, मला आवडेल म्हणून.

२५ ऑगस्ट, सोमवार

पेपरात तीन कॉलम. 'संवेदनशील वक्त्या'. शाल खुर्चीवर ठेवतानाचा फोटो.

रा. म्हणाला, शाल नीट घडी करून ठेवलीस. फोटोत दिसतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

घनसावंगीच्या गणेश मंडळाचा फोन. "मॅडम, ते बगळ्यांचं भाषण ठेवा आमच्याकडं. लोकं रडले म्हणे. आमच्याकडं बी जरा रडवा."

नाही म्हटलं. तो बिचारा गोंधळला. तारखेची अडचण असेल तर सातव्या दिवशी ठेवू म्हणाला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आष्टीहून आत्ताच आले. तिथलं महिनाभर आधी ठरलेलं, विषय 'वाचन'. म्हणून गेले. वाचनावर बोलले, बरं झालं. आटोपताना आयोजकानं चिठ्ठी पुढे सरकवली: लोकांची फर्माईश, बगळे.

समोर बायका मांडी घालून बसलेल्या, लेकरं मांडीवर. मी नाही म्हणू शकत होते.

केलं. सगळं केलं. सलामी, आईबाप, तळहात. आवाज अडकला, त्याच जागी अडकला, आणि या वेळी मी त्याला अडकू दिलं. पाण्याचा घोटही तिथेच. आतून एक बाई थंडपणे मोजत होती की आता किती थांबायचं. ती मीच, हे नवीन नाही. पंचवीस वर्षं ती आत बसलेली आहे. पण आज ती मेलेल्या पिल्लांवर थांबे मोजत होती.

शाल दिली. ही घेतली. नको म्हणायला तोंड नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये शेजारच्या बाईनं हात धरून सांगितलं, ताई, तुमच्यासारखी खरी माणसं कुठे उरलीत. हात सोडवून घेता येईना.

३१ ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या बसल्या घरोघर. आमच्याकडे नसतात. गयाबाईकडे गेले आणि आष्टीचं सगळं सांगितलं. का सांगितलं? शिवी मिळावी म्हणून. तिनं शिवी दिली नाही, विचारलं, आष्टीत जेवण दिलं का. पुरणपोळी होती म्हटलं. मंग बरं झालं, म्हणाली.

मग मी म्हटलं, गयाबाई, मी तुमच्यावर हसवलं लोकांना. तुम्ही बगळ्यांसाठी आल्या होत्या. मला वाटलं शेळ्यांसाठी.

भाषण नव्हतं ते. तीन वाक्यं, तीही वाकडी. मान खाली होती माझी.

"शेळ्यांसाठी बी आल्ते की. शेंगा नको का त्याहिला? दोन्हीसाठी आल्ते. एकासाठी आलं तरच खरं असतं का मॅडम?"

एवढी पुस्तकं, आणि हे एक वाक्य माझ्यासाठी नवीन होतं.

सहा पिल्लं राहिली. त्यातलं एक पत्र्यावर चढून बसलंय. ती बघत बघत सांगत गेली. पूर्वी बगळे जुन्या बाजाराच्या चिंचांवर बसायचे, मोठ्या चिंचा, पाच-सहा. रस्ता रुंद झाला तेव्हा गेल्या. दोन वर्षं बगळे नुसते फिरले, घरटी केलीच नाहीत. मग बाभळीवर आले, कारण काट्यात मांजर चढत नाही, माणूस हात घालत नाही. "येडी बाभूळ मला बी आवडत न्हाई. शेळीच्या पायात मोडते, इहिरीचं पाणी वढते. पण ती तोडायच्या आधी चिंच मोठी व्हऊ द्या. बगळ्याला दुसरं घर दाखवा, मंग ह्ये पाडा."

हे मी पुस्तकात वाचलं असतं तर रेघ मारली असती.

म्हटलं, सात तारखेच्या बैठकीत मी हे तुमच्या वतीनं मांडते, तुमचं नाव घेऊन, नीट.

"काहून? माझं तोंड हाए मला." हसली, पहिल्यांदा. "तुमच्या तोंडानं एक काठ गेला, मंग त्याच तोंडानं एक वाचला. आता जरा त्याला सुट्टी द्या."

३ सप्टेंबर, बुधवार

भाऊसाहेबांना घेऊन परल्या काठावर गेले. बोलायचं नाही असं ठरवून. ते रुमाल नाकाला लावून झाडाखाली उभे राहिले, वरून शिट पडली, टोपी काढून झटकली, पुन्हा वर पाहिलं. फांद्याफांद्यांवर पिल्लं, पंख पसरून उड्या मारत होती. अर्धा तास गेला.

"मॅडम, हे एवढं हाय हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

मी म्हटलं, सांगितलं की. चोवीसला, माईकवरून.

"ते व्हय," म्हणाले. "मला वाटलं भाषण हाय."

निर्मळ मनानं म्हणाले. टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

दसऱ्यानंतर तोडायचं हे त्यांचं पक्कंच आहे अजून. डासांचं काय, म्हणाले. नातीचं नाव घेतलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं. ते चमकून माझ्याकडे बघत राहिले.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. मुलींनी फुलं दिली. एकीनं पाठ करून माझंच बगळ्यांचं भाषण म्हणून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. आवाज अडकण्याची जागा तिनं बरोबर पकडली होती.

शाबास म्हटलं. आणखी काय म्हणणार.

तास संपल्यावर तिला थांबवून घेतलं. सांगितलं, दहा ऑगस्टला मी एका बाईची थट्टा केली होती, तिचं नाव गयाबाई, भाषणात हे नाही, ते खोटं भाषण आहे. मुलगी घाबरली. "मग स्पर्धेत म्हणू नको का, मॅडम?" बक्षीस मिळेल असं तिला वाटत होतं.

तुझं तू ठरव म्हटलं. तिचा चेहरा एवढासा झाला. मी निस्तरायला जाते आणि आणखी कोणाला तरी दुखवून येते.

७ सप्टेंबर, रविवार

पाचला बैठक, समाजमंदिरात. समितीचे सगळे येणार, कॉलनीतले पण. चोवीसला हात वर केलेल्यांपैकी निम्मे आता म्हणतायत, पिल्लं उडाली की साफ करून टाका, डास फार झालेत. सकाळी दोघांनी फोन करून विचारलं, मॅडम, तुमची भूमिका काय? म्हटलं, मी बोलणार नाही. एक जण घाईनं म्हणाला, तब्येत बरी नाही का?

दुपारी गयाबाईकडे गेले. ती केस विंचरत होती. चार पिल्लं उडून परल्या काठाला गेली, दोन मेली. डालं रिकामं, धुऊन उन्हात पालथं घातलेलं. विचारलं, काय काय सांगणार? चिंचांचं, शेळ्यांचं, डासांचं पण. ओढ्यात घाण पाणी सोडतात ते बंद केलं तर डास निम्मे होतील, असं तिचं म्हणणं. ते मला सुचलं नव्हतं. भाऊसाहेबांना सुचलं नव्हतं, ते अभियंता आहेत. एक मुद्दा मी सुधारून द्यायला गेले, शब्द बदलला की जोर येईल म्हणून. तिनं नुसतं पाहिलं. शब्द तिचाच राहिला.

मी एकच करणार आहे, हे तिला सांगून ठेवलं: ती उठायच्या आधी मी उभी राहून सांगेन की दहा तारखेचा तो विनोद माझा होता आणि तो खोटा होता. एवढंच, आणि खाली बसेन. ती म्हणाली, बसा मात्र.

आता पावणेपाच. ती आलीय, ओट्यावर बसलीय. हिरवं लुगडं, हातात काठी. आत या म्हटलं तर नको म्हणाली. रा. बाहेर तिच्याशी मक्याच्या बियाण्याबद्दल बोलत बसलाय. मी आत येऊन हे लिहितेय, म्हणजे उशीर करतेय.

मघाशी दारातून तिनं विचारलं, "मॅडम, मी उभी ऱ्हायले आन् ते परत हसले तर?"

नाही हसणार असं म्हणणार होते. ओठावर होतं. पण मला काय माहीत? हसायला मीच शिकवलंय त्यांना.

म्हटलं, हसतील कदाचित.

तिनं मान हलवली. रागानं नाही. काठी टेकून उठतेय, आवाज आला. निघायला हवं.